पेढीवरून उठलेला मुलगा

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला एका स्नेह्यांच्या पेढीवर वहीपूजनासाठी गेलो होतो. तीन पिढ्यांचे कापडाचे दुकान. नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटले, विडा-सुपारी ठेवून झाली, पेढे वाटले गेले. सर्व काही दरवर्षीप्रमाणे झाले. फक्त घरातला थोरला मुलगा गादीवर न बसता दाराशी उभा होता. महिन्यापूर्वीच त्याने वडिलांना सांगितले होते, की दुकान आपल्याकडून होणार नाही. आपल्याला चित्रकला शिकायची आहे. निरोप घेताना वडील मला पायरीपर्यंत सोडायला आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अण्णा, तुमचे वाचन आहे. सांगा, या मुलाचे काय करावे?" त्या क्षणी माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही उपदेश करावा एवढा माझा अधिकार नाही. मात्र त्या प्रश्नामुळे मला एका जपानी चित्रकाराच्या चरित्राची आठवण झाली. व्यापारी घरात जन्मलेल्या त्या माणसाची हकीकत आपल्या घरांतून वाचली जावी, असे वाटल्यावरून हा मजकूर लिहीत आहे.

त्या चित्रकाराचे नाव कावासे हासुई. त्यांचा जन्म १८८३ साली टोकियोच्या शिबा या भागात झाला. घरचा व्यवसाय दोर, धागे आणि रेशमी गोफ यांच्या विक्रीचा होता. जपानी पोशाखात कमरपट्ट्यावर गोफ बांधतात, त्यामुळे हा माल घरोघरी लागे. मुलाचे पाळण्यातले नाव बुंजिरो. त्याला लहानपणापासून चित्रांचे वेड होते, परंतु आईवडिलांच्या दृष्टीने मुलाचे स्थान पेढीवरच होते. त्यांची इच्छा त्याने मोडली नाही. फावल्या वेळात चित्रे काढावीत आणि उरलेला दिवस धाग्यांच्या हिशेबात घालवावा, असा क्रम कित्येक वर्षे चालला. सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास घरच्या धंद्याचे ओझे त्याच्या खांद्यावरून उतरले, आणि मग तो काबुराकी कियोकाता या नामांकित चित्रकाराच्या दारी गेला.

कियोकाता वयाने त्याच्याहून अवघे पाच वर्षांनी मोठे होते. या उमेदवाराला त्यांनी परत पाठवले. पारंपरिक शैलीचे शिक्षण आरंभण्याचे वय निघून गेले आहे, तेव्हा पाश्चात्त्य पद्धतीची चित्रकला शिकावी, असा त्यांचा सल्ला होता. बुंजिरोने तो मानला आणि तैलरंगातील चित्रण शिकून घेतले. मात्र १९१० साली तो पुन्हा त्याच दारी उभा राहिला. या खेपेस गुरूंनी त्याला पदरात घेतले आणि 'हासुई' हे नाव दिले. सव्विसाव्या वर्षी नकार आणि सत्ताविसाव्या वर्षी दीक्षा! पेढीवरच्या वर्षांनी त्याला चित्रकला शिकवली नसेल. दारातून परत पाठवलेल्या माणसाने पुन्हा त्याच दारी कसे जावे, हे मात्र ज्याने उधारी वसूल केली आहे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

पुढची काही वर्षे मासिकांतील चित्रे आणि जाहिरातींच्या कामात गेली. आयुष्याची वाट सापडली ती १९१८ साली, पस्तिसाव्या वर्षी. कियोकातांचाच एक शिष्य इतो शिन्सुई हासुईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान होता. बिवा सरोवराची आठ दृश्ये लाकडी ठशांवरून छापून त्याने प्रसिद्ध केली होती. ती पाहून हासुई थक्क झाले. वीस वर्षांच्या तरुणाच्या कामापुढे पस्तिशीच्या माणसाने मनोमन नमस्कार करावा, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. हासुईंनी मत्सर केला नाही. ज्या प्रकाशकाने ती चित्रे छापली होती त्यालाच ते जाऊन भेटले. त्या प्रकाशकाचे नाव वातानाबे शोझाबुरो. त्याच वर्षी शिओबारा या डोंगराळ भागातील तीन दृश्ये छापून निघाली. हासुईंच्या सहाशेहून अधिक निसर्गचित्रांची सुरुवात त्या तीन चित्रांनी झाली.

ही चित्रे कशी तयार होत, हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे, कारण त्या पद्धतीतच या माणसाच्या जीवनाचे मर्म दडलेले आहे. ठशांनी कापड छापणे आपल्या लोकांना परिचित आहे. तेथे ठसा हातात धरून कापडावर दाबतात. जपानी पद्धतीत ठसा खाली असतो आणि कागद वर. चित्रकार प्रथम स्थळावर जाऊन चित्रवहीत टिपण करतो. त्यावरून पातळ कागदावर रेषांचा आराखडा तयार होतो. चेरीच्या लाकडाच्या फळीवर तो कागद उलटा चिकटवतात. मग कोरणारा कारागीर रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढतो. पाठीशी असलेल्या अक्षरांनी, वाऱ्याने वाकलेल्या गवताच्या पात्यांनी त्याचे कसब पणाला लागते. या मुख्य ठशाच्या प्रती काढल्या, की चित्रकार एकेका प्रतीवर एकेका रंगाची जागा दाखवून देतो आणि त्याप्रमाणे प्रत्येक रंगासाठी पुन्हा फळ्या कोरल्या जातात.

त्यानंतर छापणाऱ्याचे काम सुरू होते. पाण्यात कालवलेला रंग आणि थोडी तांदळाची खळ तो ब्रशने फळीवर पसरतो. तुतीच्या कुळातील झाडाच्या सालीपासून हाताने बनवलेला, किंचित ओलसर केलेला कागद तो फळीवर ठेवतो. बांबूच्या सालीच्या दोरीची वेटोळी करून बनवलेल्या, वरून बांबूच्याच सालीने मढवलेल्या एका चपट्या चकतीने कागदाची पाठ घासून तो रंग कागदात मुरवतो. येथे छापखान्याचे यंत्र नसते. जे आहे ते मनगटाचे बळ. कागद प्रत्येक वेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या कडेला दोन खाचा केलेल्या असतात. त्या खाचा केसभर चुकल्या, की चंद्र एकीकडे आणि चांदणे दुसरीकडे! संध्याकाळच्या आकाशात निळा रंग वरून खाली हळूहळू विरत जातो, तो परिणाम फळीवरचा रंग ओल्या ब्रशने पुसत पुसत साधला जातो. एका चित्रासाठी हे सारे वीस-वीस, तीस-तीस वेळा करावे लागे.

म्हणजे एका चित्रामागे चार माणसे उभी असतात. पाहणारा चित्रकार, कोरणारा, छापणारा, आणि चौथा भांडवल घालणारा प्रकाशक. कोणते स्थळ निवडावे, किती प्रती काढाव्यात, कोठे विकाव्यात, याचा विचार वातानाबे करीत. ते हासुईंहून दोन वर्षांनी लहान. जुनी जपानी ठसेचित्रे परदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्याकडे त्यांनी उमेदवारी केली होती. छायाचित्रे आणि यांत्रिक छपाई यांपुढे ही परंपरा अखेरचा श्वास घेत आहे, हे त्यांनी दुकानाच्या ओट्यावरून पाहिले होते. जुन्याच्या नकला विकण्यापेक्षा नव्या चित्रकारांकडून नवे काम करून घ्यावे, असा निश्चय त्यांनी केला. त्यातून जो प्रवाह निर्माण झाला त्याला जपानीत 'शिन हांगा', म्हणजे 'नवी ठसेचित्रे' म्हणतात. कलेच्या इतिहासात व्यापाऱ्याला बहुधा खलनायकाची भूमिका मिळते. येथे कला वाचवणारा माणूस व्यापारी होता, हे आपण अभिमानाने नोंदवून ठेवावे.

हासुईंना एकच गोष्ट येत होती: जावे आणि पाहावे. त्यांची दृष्टी अधू होती, जाड भिंगांचा चष्मा लावावा लागे. तरीही ते वर्षातील कित्येक महिने रेल्वेने आणि पायी हिंडत. त्यांना राजवाड्यांचे आकर्षण नव्हते. खाडीकाठची गोदामे, पावसात भिजणारी गल्ली, बर्फाने लवलेली गवती छपरे, घरी परतणारी एखादी होडी, रात्री एकाच खिडकीत दिसणारा दिवा, हे त्यांचे विषय. चित्रात माणूस बहुधा एकच, पाठमोरा, छत्री सावरत चाललेला. आपल्या प्रवासमालिकांना त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ होतो 'प्रवासाहून आणलेल्या भेटी'. परगावाहून आलेल्या माणसाने घरच्यांसाठी पिशवीतून काहीतरी काढावे, तसे ते चित्र काढून दाखवीत.

आणि मग १ सप्टेंबर १९२३ हा दिवस उजाडला. दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटे होती. घरोघर स्वयंपाकाचे विस्तव पेटलेले होते. अशा वेळी टोकियो आणि योकोहामा यांना भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. पडलेल्या लाकडी घरांना आग लागली आणि ती वाऱ्याबरोबर पसरत गेली. एक लाखाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वातानाबे यांचे दुकान जळाले. त्यात छापलेल्या चित्रांचा साठा गेला आणि कोरलेल्या ठशांच्या फळ्याही गेल्या. हासुईंच्या घरालाही आगीने गाठले. त्यात त्यांच्या १८८ चित्रवह्या भस्मसात झाल्या.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा हिशेब मांडून पाहा. माल गेला, तो पुन्हा भरता येतो. ठसे गेले, म्हणजे यंत्रसामग्री गेली. तीही कर्ज काढून उभी करता येते. परंतु चित्रवह्या गेल्या म्हणजे मूळ बीजच गेले. वर्षानुवर्षे पायी हिंडून जमवलेले डोंगर, पूल, पाऊस आणि चंद्र एका दुपारी राख झाले. हासुई त्या वेळी चाळीस वर्षांचे होते. भूकंपापूर्वीची त्यांची चित्रे आज संग्राहकांना दुर्मिळ वाटतात, त्याचे कारण हेच, की ठसेच उरले नाहीत आणि पुन्हा छापणे कायमचे संपले.

अशा प्रसंगी प्रकाशकाने हात झाडले असते, तरी त्याला कोणी दोष दिला नसता. वातानाबे यांनी तसे केले नाही. ज्याचे स्वतःचे दुकान राख झाले होते त्या माणसाने आपल्या चित्रकाराला पुन्हा प्रवासाला जाण्याचा आग्रह केला. हासुई निघाले. जपानच्या पश्चिमेकडील आणि नैर्ऋत्येकडील प्रदेशांतून हा प्रवास १०२ दिवस चालला; त्यांच्या आयुष्यातील तो सर्वांत मोठा प्रवास होता. परतताना नव्या वह्या भरलेल्या होत्या, आणि वातानाबे यांनी पुन्हा उभ्या केलेल्या कामात त्यांतून एकामागून एक चित्रे निघू लागली.

त्या दोघांपाशी त्या वेळी शिल्लक तरी काय होते? एका बाजूला पाहण्याची सवय लागलेले डोळे, दुसऱ्या बाजूला विक्रीची जाण, आणि दोघांच्या मध्ये शब्दावरचा विश्वास. आपले वाडवडील ज्याला 'पत' म्हणत, ती हीच. वही जळते, माल जळतो, पत मात्र आगीत जळत नाही. ती माणसाच्या वागण्यानेच जाते किंवा टिकते.

भूकंपानंतर दोनच वर्षांनी, १९२५ साली, हासुईंचे सर्वांत लोकप्रिय ठरलेले चित्र प्रसिद्ध झाले. त्याचा विषय दूरचा नव्हता. ज्या शिबा भागात ते जन्मले त्याच भागातील झोजोजी या बौद्ध मंदिराचा तो महादरवाजा. १६२२ साली बांधलेला तो लाकडी दरवाजा भूकंपातून वाचला होता. चित्रात तो गडद तांबडा आहे. वारा जोरात असल्याने बर्फ तिरपा पडतो आहे, एका पाइन वृक्षाच्या फांद्या हिमाने लवल्या आहेत, आणि एक स्त्री छत्री पुढे करून वाऱ्याविरुद्ध वाकून चालली आहे. भूकंपाचा चित्रात उल्लेख नाही. एकही पडकी भिंत नाही. परंतु ज्यांची घरे गेली होती त्या टोकियोकरांनी हे चित्र हाती घेतले असेल, तेव्हा उभा राहिलेला दरवाजा आणि चालत राहिलेली स्त्री त्यांना वेगळी समजावून सांगावी लागली नसेल.

पुढे ही चित्रे समुद्रापार गेली. अमेरिकेतील ओहायो राज्यात टोलेडो येथील कलासंग्रहालयात १९३० आणि १९३६ साली नव्या जपानी ठसेचित्रांची मोठी प्रदर्शने भरली. हासुईंची चित्रे तेथील रसिकांनी आवडीने घेतली. अलीकडच्या काळात अ‍ॅपल कंपनीचे संस्थापक स्टीव्ह जॉब्स हेही त्यांच्या चित्रांचे संग्राहक होते.

येथे त्यांच्या एका समकालीनाचा उल्लेख केला पाहिजे, कारण त्याचा आपल्या भूमीशी संबंध आला. हिरोशी योशिदा हे त्याच काळातील दुसरे थोर निसर्गचित्रकार. ते १९३०-३१ च्या सुमारास हिंदुस्थानात आले. ताजमहाल, काशीचे घाट, कांचनगंगा यांच्याबरोबर अजिंठा आणि वेरूळ येथील लेण्यांचीही त्यांनी ठसेचित्रे केली. योशिदांनी आपला स्वतंत्र कारखाना काढला आणि कोरण्या-छापण्यावर स्वतः बारकाईने देखरेख ठेवली. हासुईंनी मात्र मुख्यतः वातानाबे यांच्याबरोबरच काम केले. एकाने सर्व सूत्रे आपल्या हाती घेतली, दुसऱ्याने ती चौघांत वाटून दिली, आणि दोघांचेही काम टिकले. भागीदारी बरी की एकट्याचा धंदा बरा, हा वाद आपल्या घरांतूनही पुष्कळ चालतो. त्याचे उत्तर बहुधा माणसाच्या पिंडात असते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, हासुई टोकियो सोडून शिओबाराला गेले. पहिली तीन चित्रे ज्या डोंगरांनी दिली, त्यांच्याच आश्रयाला साठी ओलांडल्यावर ते आले. युद्ध संपल्यावर त्यांनी पुन्हा टोकियो गाठले आणि काम सुरू केले. १९५२ साली सरकारच्या सांस्कृतिक वारसा संरक्षण समितीने ठरवले, की ठसेचित्रांची ही पारंपरिक कृती पायरीपायरीने नोंदवून ठेवावी. त्यासाठी ज्या दोन चित्रकारांना काम देण्यात आले त्यांत एक होते शिन्सुई, ज्यांच्या चित्रांनी हासुईंना वाट दाखवली होती, आणि दुसरे स्वतः हासुई. त्यांनी विषय निवडला तो पुन्हा झोजोजीतील बर्फाचाच. त्या एका चित्रासाठी कागद चाळीसहून अधिक वेळा फळ्यांवर ठेवला गेला.

त्यांचे अखेरचे चित्र हिराइझुमी येथील सुवर्णमंदिराचे आहे. ११२४ साली उभारलेल्या त्या मंदिराकडे जाणाऱ्या पायऱ्या बर्फाने झाकल्या आहेत आणि एक भिक्षू पाठमोरा वर चढतो आहे. हासुईंनी हे चित्र रेखाटले तेव्हा कर्करोग त्यांच्या शरीरात पसरला होता. चित्र छापून पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. नोव्हेंबर १९५७ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ते गेले. राहिलेले काम कोरणाऱ्याने आणि छापणाऱ्याने पुरे केले, आणि ते चित्र त्यांच्या स्मरणार्थ आप्त-स्नेह्यांना देण्यात आले. एकट्याने काम करणाऱ्या चित्रकाराचे चित्र त्याच्याबरोबर अर्धवट राहिले असते. चौघांच्या हातांत वाटलेले काम एक हात थांबल्यावरही पुरे झाले.

हे सारे वाचताना त्या धाग्या-गोफांच्या पेढीची मला पुन्हा आठवण झाली. गोफ म्हणजे काय? अनेक पेड एकमेकांत गुंफून केलेली एक दोरी. ज्यात कोणताही एक पेड आपले नाव सांगत नाही, पण एकही सुटला तरी गोफ उसवतो. बुंजिरो पेढीवरून उठला हे खरे. परंतु पेढीवर जे शिकायचे असते ते त्याने सोडले होते, असे मला म्हणवत नाही. दुसऱ्याच्या कौशल्यावर विश्वास ठेवणे, नुकसानीनंतर दुसऱ्या दिवशी दुकान उघडणे, ठरलेला माल ठरलेल्या वेळी देणे, हे त्याने आयुष्यभर केले. फक्त त्याचा माल वेगळा होता.

माझ्या स्नेह्यांना मी हे सांगितले. मुलाला सोडा किंवा अडवा, यांपैकी काहीच मी म्हटले नाही. सगळेच हासुई होत नाहीत, आणि प्रत्येकाला वातानाबे भेटत नाही, हेही मला ठाऊक आहे. इतकेच म्हणालो, की त्या मुलाला एकदा विचारा: दारातून परत पाठवले, तर दुसऱ्यांदा जाशील का? आणि चाळीस वर्षांचा असताना सगळ्या वह्या जळाल्या, तर पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करशील का? या दोन प्रश्नांना त्याने मान हलवून होकार दिला, तर तो गादीवर बसो वा न बसो, घरची पत त्याच्या हाती सुखरूप आहे असे समजावे.

ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अण्णा, हे दोन प्रश्न मला माझ्या वडिलांनी कधी विचारले नाहीत. विचारले असते, तर मी काय सांगितले असते कुणास ठाऊक."

त्या वाक्यावर मी पुढे काही बोललो नाही. वाचकांनीही आपापल्या घरी, मुलाला विचारण्याआधी, ते दोन प्रश्न क्षणभर स्वतःला विचारून पाहावेत.